नसलेल्या कोटाची प्रदक्षिणा

माझे वडील सकाळी डबा घेऊन बाहेर पडले, की आई शेजारणींना सांगे, "हे कोटात गेलेत." आमच्या गिरगावातल्या चाळीतली निम्मीअधिक बिऱ्हाडे रोज 'कोटात' जात. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. कोट म्हणजे अंगात घालायचा, एवढेच मला ठाऊक. वडिलांचा एक काळा कोट खुंटीला असे आणि लग्नामुंजीखेरीज तो खाली उतरत नसे. मग हे रोज कोणाच्या कोटात जातात, या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले. पुढे शाळेत गड-किल्ले शिकलो, कोट म्हणजे तटबंदी हे कळले, तेव्हा वडिलांना विचारले, "तुमच्या कोटाला तट कुठे आहे?" ते म्हणाले, "होता. पाडला." आणि पुन्हा पेपरात डोके घातले.

यथावकाश मीही त्याच कोटात कामाला लागलो. एका बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली, तिथूनच निवृत्त झालो. आमच्या पिढीत कोटाचे 'फोर्ट' झाले होते, एवढाच फरक. तो तट कुठून कुठे जात होता, कोणाच्या भीतीने बांधला होता, का पाडला, हे कोणाला विचारावे असे त्या चौतीस वर्षांत एकदाही वाटले नाही. सहा वाजून बारा मिनिटांची फास्ट गाठायची असलेल्या माणसाला तटबंदीशी काय कर्तव्य!

हे सगळे आता उकरून काढायला कारण झाली माझी नात. ती वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. एके दिवशी तिने जाहीर केले, की रविवारी सकाळी फोर्टात 'हेरिटेज वॉक' आहे आणि तिने तिची व माझी अशी दोन नावे दिली आहेत. माणशी पाचशे रुपये. मी उडालोच. ज्या फोर्टात चालण्याबद्दल मला चौतीस वर्षे पगार मिळाला, तिथे चालायला आता मीच पैसे मोजायचे? "आजोबा, तुम्ही तिथं चालत नव्हता, धावत होतात," ती म्हणाली. यावर काही उत्तर नव्हते. गेलो.

रविवारी सकाळी सातला फोर्ट पाहिला आहे कधी तुम्ही? नसेल पाहिला, तर एकदा पाहाच. टॅक्सी नाही, फेरीवाला नाही, फाइल काखेत मारून चाललेला वकील नाही. कबुतरे रस्त्याच्या मधोमध बसलेली. आमचा चौदा जणांचा घोळका काळ्या घोड्यापाशी जमला. गाईड म्हणजे तिशीतली एक वास्तुविशारद मुलगी, मूळची अलिबागची. बोलत होती इंग्रजीत, पण माझ्याकडे वळली की मराठीत येई आणि खरे सांगायचे तर मराठीत आली की अधिक छान सांगे. तिने पहिलाच प्रश्न टाकला : "आपण काळ्या घोड्यापाशी उभे आहोत. घोडा कुठे आहे?"

घोडा होता, समोरच होता. पण त्याच्या पाठीवर स्वार नव्हता. हा घोडा २०१७ सालचा. मूळचा घोडा सातव्या एडवर्डचा, म्हणजे त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सचा. सर अल्बर्ट ससून यांनी तो शहराला भेट दिला होता. स्वातंत्र्यानंतर राजे-राण्यांचे पुतळे चौकाचौकांतून हलवले गेले, त्यात १९६५ मध्ये हा राजाही घोड्यासकट भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. त्यानंतर पन्नासएक वर्षे इथे घोडा नव्हता. तरीही लोक 'काळ्या घोड्यापाशी भेटू' म्हणत राहिले, भेटतही राहिले. मीच कितीदा म्हटले असेल! शेवटी नावाला शोभावे म्हणून घोडा आणून बसवावा लागला. राजाला वगळून.

"आज आपण ज्या ज्या वस्तू बघणार आहोत," गाईड म्हणाली, "त्यातल्या बऱ्याचशा आता तिथं नाहीत." चौदातल्या दोघा-तिघांचे चेहरे पडले. पाचशे रुपये घेऊन नसलेल्या वस्तू दाखवणार! मला मात्र एकदम वडिलांचे 'होता, पाडला' आठवले आणि मी पुढे सरकून उभा राहिलो.

तिथूनच विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो. गाईडने त्याची हकीकत सांगितली. कापसाच्या तेजीत अमाप कमावलेले प्रेमचंद रायचंद, त्यांनी आईच्या नावाने मनोऱ्यासाठी दिलेले दोन लाख रुपये, आराखडा विलायतेतल्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे स्कॉटसाहेब मुंबईत कधी आलेच नाहीत. लंडनमध्ये बसून कागदावर रेघा मारल्या आणि १८७८ मध्ये मनोरा इथे उभा राहिला. आमच्यात एक पुण्याच्या बाई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका असाव्यात. त्यांनी विचारले, "साहेब आले नाहीत, मग दगड कोणी घडवला?" गाईडला हा प्रश्न आवडलेला दिसला. वर मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र नावाच्या आपल्या इंजिनिअरच्या हातचे. पुतळे इतक्या उंचावर आहेत, की खालून दिसते ती केवळ माणसासारखी काहीतरी आकृती. एवढ्या वर कोण बघणार, असे म्हणून त्यांनी हात राखून काम केले नाही. मी मात्र चौतीस वर्षांत त्या मनोऱ्याचे फक्त घड्याळ पाहिले, तेही उशीर झाला की नाही ते कळावे म्हणून.

काळ्या घोड्याजवळच लोखंडी सांगाड्याची एक जुनी इमारत आहे, एकेकाळचे वॉटसन हॉटेल. सगळा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने इथे आणला आणि जोडला. ७ जुलै १८९६ रोजी इथेच लुमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, हिंदुस्थानात पहिल्यांदा. तिकीट एक रुपया. पुढे हॉटेल गेले, खोल्याखोल्यांतून वकिलांची ऑफिसे आणि लहानमोठी दुकाने आली, नाव 'एस्प्लनेड मॅन्शन' झाले. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळून एक जण दगावला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. आमच्या बँकेच्या वकिलांचे ऑफिस तिथे होते. कागद द्यायला मी त्या जिन्याने शंभरदा तरी चढलो असेन. जिना हलतो एवढेच तेव्हा जाणवे. सिनेमा पहिल्यांदा दाखवला ती हीच जागा, हे ना वकिलांनी कधी सांगितले, ना बहुधा त्यांना माहीत होते.

काळ्या घोड्याच्या बाजूच्या रस्त्याला जुने लोक अजून 'रॅम्पार्ट रो' म्हणतात. रॅम्पार्ट म्हणजे तट. "तो तुमचा कोट इथून सुरू होतो, काका," गाईड मला म्हणाली. दगडाचा एक तुकडाही नाही. फक्त रस्त्याचे नाव. पलीकडच्या गल्लीचे नाव रोप वॉक स्ट्रीट, कारण तिथे जहाजांचे दोर वळत. दोर नाहीत, वळणारे नाहीत. गल्ली मात्र दोरासारखी सरळ.

इथून आम्ही गोदीच्या बाजूला वळलो आणि तटाची खरी गोष्ट तिथे निघाली. मुंबईचा कोट म्हटला की आपल्याला वाटते इंग्रजांचा थाटमाट. प्रत्यक्षात तो भीतीचा कोट होता. पोर्तुगीजांकडून आंदण मिळालेले बेट राजाने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले. बेटावर एक वाडा होता, पोर्तुगीज काळात गार्सिया द ओर्ता या वैद्याला भाड्याने दिलेला. त्याच्याभोवती इंग्रजांनी किल्ला केला. गावाला मात्र तट नव्हता. समुद्रात कान्होजी आंग्र्यांची गलबते फिरत होती. १७१५ मध्ये चार्ल्स बून गव्हर्नर झाला आणि त्याच्या कारकिर्दीत गावाभोवती तट उभा राहिला. तटाला तीन दरवाजे : दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्च गेट, उत्तरेला बझार गेट. आत सुरक्षित झाल्यावर बूनने आंग्र्यांवर स्वाऱ्या केल्या. विजयदुर्गावर केली, खांदेरीवर केली, पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर केली. एकही फळली नाही.

मग १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसई ते मुंबई अंतर ते किती! इंग्रजांना वाटले, आता तटही पुरणार नाही. म्हणून तटाबाहेर खंदक खणायचे ठरले आणि कोटातल्या व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३० हजार रुपये वर्गणी काढली. वर्गणी स्वखुशीची होती की कशी, ते तेच जाणोत. चौकाचौकांतली वर्गणी देऊन देऊन मला याबाबतीत थोडा अनुभव आहे.

हे सांगत असताना आम्ही लायन गेटापाशी उभे होतो. आत नौदलाचा मुलूख. त्या जुन्या किल्ल्याचे जे काही उरले ते आतच आहे आणि आपल्याला तिथे प्रवेश नाही. पण त्या आस्थापनेचे नाव काय आहे, ठाऊक आहे? 'आयएनएस आंग्रे'. १९५१ पासून. ज्याच्या धास्तीने भिंती उभ्या केल्या, त्याचेच नाव त्या जागेला. आमची अलिबागची गाईड हे सांगताना काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी पाहिले. मी तिच्या जागी असतो, तर दोन मिनिटे जास्त बोललो असतो.

आणखी एक गंमत तिथेच कळली. अपोलो गेट, अपोलो बंदर ही नावे ऐकून मला आजवर वाटे, कोणा ग्रीकप्रेमी साहेबाने ती ठेवली असणार. मुळात ते आपले 'पालवा' बंदर, कोळ्यांचे. साहेबाच्या जिभेवर पालव्याचा अपोलो झाला, असे मानतात. माझी आजी शेवटपर्यंत 'पालव्या'लाच फिरायला जायची. आम्ही नातवंडे तिला हसायचो, आणि बरोबर तीच होती.

हॉर्निमन सर्कलच्या बागेत थोडे टेकलो. नातीने थर्मासमधून चहा दिला. टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या, ते थोरले खांब आणि आतली एशियाटिक सोसायटी यांबद्दल आमच्या वर्तमानपत्रांतून इतके लिहून आले आहे, की मी भर घालत नाही. १८३३ ची इमारत, पाहण्याजोगी आहे, एवढे पुरे. मला रस होता तो त्या बागेच्या जागेत. बाग होण्यापूर्वी इथे नुसते मोकळे मैदान होते, 'बॉम्बे ग्रीन', आणि त्यावर कापसाच्या गासड्यांचे डोंगर रचलेले असत. म्हणून ते झाले 'कॉटन ग्रीन'. पुढे कापसाचा बाजार इथून हलला आणि जाताना नावही सोबत घेऊन गेला. हार्बर लाइनवरचे कॉटन ग्रीन स्टेशन, ते हे! तिथे हिरवळ शोधून कंटाळलेले प्रवासी मी पाहिले आहेत. मैदानाचे मग गोलाकार चौक झाले, एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर त्याला नाव मिळाले ते हॉर्निमन यांचे. गव्हर्नराचे जाऊन 'बॉम्बे क्रॉनिकल'च्या संपादकाचे. जातीने इंग्रज, पण आपल्या बाजूने इतके लिहिले, की १९१९ मध्ये सरकारने त्यांना हद्दपार केले. नावे बदलण्याचा मला एरवी कंटाळा आहे. ही बदली मात्र मनापासून पटते.

जवळच सेंट थॉमस कॅथेड्रल. १७१८ च्या नाताळात ते उघडले. मुंबईतले मैलाचे दगड याच चर्चपासून मोजले जात. म्हणजे दादर किती मैल, शीव किती मैल, हे सगळे इथून. त्यातले काही दगड फूटपाथखाली गाडले गेले होते, ते अलीकडे पालिकेने वर काढले आहेत. आणि चर्चगेट स्टेशनाचे चर्च ते हेच. तटाचा पश्चिम दरवाजा या चर्चकडे येणारा, म्हणून चर्च गेट. लाखो माणसे रोज ज्या नावाच्या स्टेशनवर उतरतात, तिथे गेटही नाही आणि चर्चही नाही. "मग गेट कुठं होतं?" नातीने विचारले. गाईडने आम्हाला चालवत चालवत फ्लोरा फाउंटनपाशी आणले आणि म्हणाली, "इथं."

मी नुसता उभा राहिलो. फाउंटनच्या पलीकडच्या फूटपाथवर माझी अर्धी जवानी गेली. दुपारच्या सुट्टीत जुन्या पुस्तकांचे ढीग चाळायचे, पैसे कमी पडले की पुस्तक ढिगाच्या तळाशी दडवून पगाराच्या दिवशी परत यायचे. पुस्तकवाल्याला ते माहीत असे आणि तोही ते तळाशीच ठेवी. २००५ मध्ये ते ढीग उठवले गेले, काही पुस्तकवाले परत येऊन बसले, पण तो बहर गेला. 'स्ट्रँड' होते, ते २०१८ मध्ये बंद झाले. चर्च गेट जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली, त्याचे मला काय! माझा दरवाजा तो होता.

पण गोष्ट तटाची चालली होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तटाला शत्रूच उरला नाही. त्याआधी १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागून उत्तरेकडची वस्ती जळाली, बरेच लोक बाहेर राहायला गेले. तरी आत दाटी होतीच. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाले. त्यांनी तट पाडायला काढला, खंदक बुजवला आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर आज आपण जी 'हेरिटेज' म्हणून पाहतो ती मुंबई उभी करायला घेतली. १८६५ मध्ये तेजी फुटली, मोठमोठी घराणी बुडाली, पण इमारती होत राहिल्या. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेल्या ९४ इमारतींपैकी ओव्हलच्या पूर्वेकडची ती गॉथिक रांग म्हणजे तट गेल्यावरचीच कमाई. म्हणजे गंमत बघा : आजचा वारसा उभा राहिला तो कालचा वारसा पाडून. फ्रिअरसाहेबांच्या वेळी आमची १९९५ ची वारसा नियमावली असती, तर तट पाडायची परवानगी त्यांना मिळाली नसती आणि आपल्याला ना राजाबाई टॉवर मिळता, ना हायकोर्टाची इमारत! मी हे बोलून दाखवले, तेव्हा गाईड हसली आणि म्हणाली, "काका, हा प्रश्न आम्हाला परीक्षेत येतो. उत्तर कुणालाच येत नाही."

तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवलेली असे. शत्रू आला तर तोफेला समोर आडोसा नको म्हणून. हेच एस्प्लनेड. आज त्याचे उरलेले तुकडे म्हणजे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज. मुंबईत पोरांना क्रिकेट खेळायला एवढी जागा कोणी उदार मनाने सोडलेली नाही, ती तोफांसाठी सोडलेली होती. तोफांचा एक उपयोग मात्र तिथे झाला. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना त्याच मैदानात तोफेच्या तोंडी दिले गेले. शत्रूसाठी राखलेल्या जागेत स्वतःचेच शिपाई.

फ्लोरा फाउंटन १८६४ चे. ते खरे म्हणजे राणीच्या बागेसाठी करवून घेतले होते, आणून बसवले मात्र इथे. (राणीच्या बागेला पुढे त्याबदल्यात काळा घोडा मिळाला, हिशेब फिटला.) ते फ्रिअर यांच्या सन्मानार्थ होते, पण वर उभी असलेली फुलांची देवी लोकांना जास्त आवडली आणि फ्रिअर मागे पडले. दुरुस्ती चालली असताना डांबराखाली ट्रामचे रूळ सापडले होते. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये थांबली. त्या रुळांवरून वडील माझे बोट धरून मला एकदा 'कोट दाखवायला' घेऊन आले होते. काय पाहिले ते आठवत नाही, ट्राम तेवढी आठवते.

आणि त्याच चौकात हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्चावर इथे गोळीबार झाला. वडील त्या दिवशी ऑफिसात होते. साहेबाने दारे लावून घेतली आणि कारकुनांना खिडकीशी जाऊ दिले नाही. आवाज ऐकला, एवढेच ते सांगत. पुढे या चौकातून जाताना, कितीही घाई असो, ते टोपी काढून क्षणभर थांबत. गाईडने दोन वाक्यांत हे आटोपले. कारण तिच्या कागदावर बहुधा 'फ्लोरा फाउंटन : शिल्पकला' एवढेच होते. मग मीच नातीला थोडे सांगितले आणि सांगता सांगता लक्षात आले, की घोळक्यातले सगळेच ऐकत आहेत. पुण्याच्या बाई तर डोळे पुसत होत्या. गाईडने वहीत काहीतरी लिहून घेतले. आता भुयारी मेट्रोच्या इथल्या स्टेशनालाही 'हुतात्मा चौक' हेच नाव आहे. बरे झाले. उद्या मशालीकडे न बघता खालूनच जाणाऱ्या पोराच्या कानावर निदान नाव तरी पडेल.

उन्हे चढली होती. बझार गेटच्या गल्ल्यांतून उत्तरेकडे निघालो. हा कोटाचा 'देशी' भाग. इंग्रज दक्षिणेला, आणि पारशी, गुजराती, बोहरी व्यापारी उत्तरेला. १७०९ सालची बनाजी लिमजी अग्यारी याच भागात आहे. इमारती लाकडी सज्ज्यांच्या, नक्षीदार कठड्यांच्या, आणि प्रत्येक मजल्यावर बांबूच्या टेकूंच्या. घोळक्यातले लोक वर कॅमेरे रोखून 'काय सुंदर' म्हणत होते. वर एक बाई टेकूला बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्या आमच्याकडे बघत होत्या आणि आम्ही त्यांच्या कठड्याकडे. मला एकदम ओशाळल्यासारखे झाले. १६ जुलै २०२० रोजी पावसात फोर्टातलीच भानुशाली इमारत कोसळली आणि दहा जण गेले. जुन्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला जागा सोडवत नाही, आणि अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईतो आणखी एक पावसाळा येतो. यात दोष कोणा एकाचा नाही, हे मलाही कळते. माझीही अर्धी हयात भाड्याच्या खोलीत गेली. पण वारसा म्हणून ज्या लाकडाचे आपण फोटो काढतो, त्याखाली कोणी रात्री झोपते, आणि पाऊस वाढला की उठून बसते, हे फेरीत कोणी तरी म्हणायला हवे होते. मी म्हटले. घोळक्यात थोडी शांतता पसरली. गाईड म्हणाली, "पावसाळ्यात मी या गल्लीत लोकांना आणत नाही."

बझार गेट होते त्याच्या समोर आज बोरीबंदर. आजी त्याला बोरीबंदर म्हणायची, आम्ही व्ही.टी., १९९६ पासून सीएसटी, २०१७ पासून सीएसएमटी. बाईंच्या हयातीत एवढे लग्नसोहळे झालेली दुसरी इमारत नसेल. १८५३ मध्ये पहिली गाडी इथूनच ठाण्याला गेली. आताची इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची, १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे चाललेली. घोळका तिथे अर्धा तास रमला. दगडातले मोर, माकडे, घुबडे यांत नात हरवून गेली. त्यातले पुष्कळसे कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेले, हे कळल्यावर तिने वर बघण्याचा सपाटाच लावला. मी बाकावर बसून पाय मोकळे केले.

"आजोबा," ती येऊन म्हणाली, "तुम्ही इथं चौतीस वर्षं येत होतात ना रोज? मग यातलं काहीच कसं माहीत नाही तुम्हाला?"

ती टोमणा मारत नव्हती, खरेच विचारत होती. मी म्हटले, "बाळ, मान वर करायला वेळ लागतो." तिला ते पटलेले दिसले नाही. मलाही फारसे पटले नाही.

शेवटचा टप्पा सेंट जॉर्ज हॉस्पिटलचा. तिथे काय पाहायचे, ते गाईडने आधी सांगितले नव्हते. हॉस्पिटलच्या आवारातून ती आम्हाला एका काळ्या दगडी भिंतीपाशी घेऊन गेली. फार मोठी नाही. भेगांतून पिंपळ उगवलेला. "तुम्ही सकाळपासून कोट कुठं, कोट कुठं विचारत होतात ना, काका," ती म्हणाली, "हा." १७६९ मध्ये मुख्य तटाला लागून फोर्ट जॉर्ज बांधला, तोही पुढे पाडला आणि त्या जागेवर हे हॉस्पिटल झाले. पाडताना एवढा तुकडा राहून गेला.

मी त्या भिंतीला ओळखत होतो.

१९९१ च्या उन्हाळ्यात वडील या हॉस्पिटलात होते. अकरा दिवस. रात्री आत एकाच माणसाला थांबू देत, तिथे आई असे. मी बाहेर. दिवसभर तापलेली ही भिंत रात्री उशिरापर्यंत उबदार राही, पण सकाळी तिच्या सावलीत बरे वाटे, म्हणून मी पिशवी उशाला घेऊन तिथेच पडत असे. कसली भिंत आहे, असा विचार मनात आला नाही. जुन्या इमारतीची असेल एखाद्या. दहाव्या दिवशी सकाळी मला आत बोलावले. वडील ग्लानीत होते. मला पाहून म्हणाले, "किती वाजले? कोटात जायचंय." मी म्हटले, "आज सुट्टी आहे." ते बरे म्हणाले आणि डोळे मिटले.

गाईड समारोपाचे काही बोलत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, घोळका करून एक फोटो झाला, पुण्याच्या बाईंनी निरोप घेतला. मी भिंतीकडे गेलो आणि पूर्वी बसायचो त्या बाजूला खाली बसलो. दगड गार होते अजून.

"आजोबा, अहो तिथं काय बसता? कपडे खराब होतील," नात म्हणाली.

"होऊ देत," मी म्हटले. "ये, तूही टेक जरा."